केमररहून मासे घरी आणलेत, आता नाव कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न नीट वाचला, फोटोही झूम करून बघितले. मला जेवढं समजलं ते असं: जुलैमध्ये मुलांना घेऊन वायोमिंगला गेलात, केमररजवळच्या पैसे भरून खोदायला देतात त्या खाणीत दिवसभर दगड फोडले, दगडात दबलेले अकरा जीवाश्म मासे मिळाले. आता तुम्हाला तीन गोष्टी हव्यात. मासे कोणते ते ओळखायचंय, व्हिनेगरने साफ करून वर्निश मारायचं का हे ठरवायचंय, आणि परत येताना दुकानात बघितलेला दीड फुटी 'डिप्लोमिस्टस' (तिथलाच एक जीवाश्म मासा) घ्यावा का, तो खरा असेल का, हे विचारायचंय. शेवटी जाता जाता महाराष्ट्रात असे मासे मिळतात का असंही विचारलंय.

मी सॉल्ट लेक सिटीत राहतो, इथून केमरर साधारण दोन तासांवर, आय-८० ने इव्हन्स्टनच्या पुढे जाऊन १८९ नंबरच्या हायवेला वळायचं. गेली चौदा वर्षं प्रत्येक उन्हाळ्यात निदान तीन-चार वेळा तरी जातो, आणि हिवाळाभर गॅरेजमध्ये बसून ते मासे सुईने मोकळे करतो. पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे, पण हा छंद मी मनापासून करतो, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी एक सांगतो. तुम्ही नाव आधी विचारताय, पण मला तुमच्या पोस्टमध्ये जास्त काळजी वाटली ती या वाक्याची: 'सगळे दगड एका खोक्यात आहेत, कुठला कुठून निघाला ते आता आठवत नाही.' नाव आज नाही कळलं तर पुढच्या वर्षी कळेल, पाच वर्षांनी कळेल, कोणीतरी जाणकार बघून सांगेल. पण तो दगड कुठल्या खाणीतून, कुठल्या थरातून, कुठल्या तारखेला निघाला हे एकदा विसरलं की माशाकडे बघून कोणी ते परत सांगू शकत नाही. म्हणून हे वाचून झालं की आज रात्रीच खोकं उघडा, मुलांना बरोबर घ्या (मुलांना आपल्यापेक्षा जास्त आठवतं हा माझा अनुभव आहे), आणि प्रत्येक दगडाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने, तुम्ही फोटो टाकलेत त्याच क्रमाने, १ ते ११ नंबर टाका (खाली मीही तेच नंबर वापरतोय). वहीत त्या नंबरापुढे खाणीचं नाव, तारीख, कोणाला सापडला, आणि थर लिहा. थर माहीत नसेल तर खाणीला फोन करून विचारा, 'त्या दिवशी आम्हाला कुठल्या थरावर बसवलं होतं', ते लोक सांगतात, त्यांना हा प्रश्न आवडतो.

थराचं एवढं काय, असं वाटेल, तर ते सांगतो, कारण ओळखण्याची निम्मी भानगड तिथेच सुटते. साधारण ५.२ कोटी वर्षांपूर्वी त्या भागात एक मोठं तळं होतं, त्याला आता फॉसिल लेक म्हणतात. ग्रीन रिव्हर फॉर्मेशन (तिथल्या खडकांच्या थरांचा गट) म्हणून जे म्हणतात त्यात अशी तीन तळी येतात, गोशियूट, युइंटा आणि हे, त्यातलं हे सगळ्यात छोटं. त्याच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ वर्षानुवर्षं पातळ पातळ पापुद्र्यांनी बसत गेला, तळाशी ऑक्सिजन फार कमी त्यामुळे मेलेला मासा खायला किंवा उकरायला खाली कोणी नाही, आणि मासा होता तसाच, पराच्या एकेका काट्यासकट, दाबला गेला. ताजा दगड फोडल्यावर नाकाला रॉकेलसारखा वास आला असेल तर तो त्या गाळातल्या जुन्या सेंद्रिय मालाचा.

त्या सगळ्या गाळात खाणवाले मुख्यतः दोन थरांवर काम करतात. एक 'अठरा इंची' थर, त्यात हाडं गडद तपकिरी ते काळी. तिथे मासा दगडाच्या पातळ पापुद्र्याखाली झाकलेला असतो आणि वरून फक्त किंचित उंचवटा दिसतो, म्हणून खाणवाले रात्री जमिनीलगत दिवे लावून तिरप्या उजेडात ते उंचवटे शोधतात आणि करवतीने अख्खी लादी कापून काढतात. दुसरा 'स्प्लिट फिश' थर, यात दगड पाट्यांसारखा सुटतो, मासा केशरी-तपकिरी असतो आणि बऱ्याचदा फोडतानाच दोन भागांत विभागला जातो, अर्धी हाडं या पाटीवर अर्धी त्या पाटीवर. हौशी लोकांना बहुतेक ठिकाणी याच थरावर बसवतात, आणि तुमच्या फोटोतला रंग बघता तुमचे मासे यातलेच वाटतात.

आता यातला घोळ बघा. नवीन माणूस रंगावरून मासे वेगळे करतो. 'हा काळा, हा नारिंगी, म्हणजे दोन जाती.' तसं नाही हो, एकच मासा एका थरात नारिंगी आणि दुसऱ्यात काळा असतो, रंग थराचा आहे, माशाचा नाही. तसंच आकाराचं. छोटा मासा म्हणजे एक जात आणि मोठा म्हणजे दुसरी असं धरलं की फसलो, कारण मोठ्या जातीची पिल्लंही त्याच तळ्यात होती. आणि डोकं तर बहुतेक वेळा चेपलेलं असतं, त्यामुळे 'चेहरा' बघून ओळखायला जाऊ नका. मोबाईलच्या फोटो ओळखणाऱ्या अ‍ॅपवरही भिस्त ठेवू नका, मी माझे पक्के ओळखलेले मासे टाकून बघितलेत, जवळजवळ सगळ्याला ते नाइटियाच (तिथला सगळ्यात जास्त मिळणारा मासा) म्हणतं.

मग बघायचं काय, तर पर. पाठीवर किती पर आहेत, ते कुठून सुरू होतात, पोटाखालचा पर पाठीवरच्या पराच्या पुढे की मागे की बरोबर खाली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गुदाच्या मागचा पर, जो पोट संपल्यावर शेपटीकडे जाताना खालच्या बाजूला असतो, तो किती लांब आहे. मी अजूनही प्रत्येक माशाचा फोटो काढून प्रिंट घेतो, डोकं डावीकडे, आणि वर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त बाहेरची रेघ, कणा आणि पर एवढंच काढतो. चित्रकला यायची गरज नाही. हात फिरवला की डोळ्याला जे दिसलं नव्हतं ते दिसतं, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो.

तुमच्या अकरामध्ये बहुतेक नाइटिया असणार, कारण तिथे तोच सगळ्यात जास्त मिळतो. वायोमिंगने १९८७ मध्ये त्याला राज्याचं अधिकृत जीवाश्म केलंय. आपल्या माणसाला नाइटिया समजावायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तारली. तारली, पेडवे, पाला हे सगळे ज्या हेरिंगच्या कुळातले, त्याच कुळातला हा. माझी आई रत्नागिरीची, तिच्या हाताखाली लहानपणी तारल्या साफ केल्यात, तर पोटाखालून बोट उलटं फिरवलं की करवतीसारखी धार लागते ना, ते खवल्यांचे टोकदार झालेले तुकडे, तीच धार नाइटियाच्या पोटाखालीही दिसते. भिंग घेऊन बघा, बरगड्या जिथे खाली संपतात तिथे दातेरी रेघ दिसेल. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी खाणीतल्या उन्हात दगड हातात धरून किती वेळ बसलो होतो, पाच कोटी वर्षांपूर्वीच्या माशाला आईच्या विळीवरच्या तारलीसारखी धार!

तर नाइटिया: पाठीवर एकच पर, तोही छोटा आणि साधारण मधोमध, त्याच्याच खाली पोटाचे पर, गुदामागचा पर आखूड, शेपूट दुभंगलेली. बोटभर ते वीतभर. याच्याशी ज्याचा गोंधळ होतो तो डिप्लोमिस्टस. त्यालाही पाठीवर एकच पर, त्यालाही पोटाखाली धार, शेपूट तशीच दुभंगलेली, आणि लहान असताना तर दोघं शेजारी ठेवले तरी नवख्याला फरक कळत नाही. पण डिप्लोमिस्टसचा गुदामागचा पर लांबच लांब असतो, पोट संपतं तिथून सुरू होऊन जवळजवळ शेपटीपर्यंत झालरीसारखा जातो. शिवाय तोंड वरच्या बाजूला उघडणारं, जबडा आकाशाकडे वळल्यासारखा, आणि पाठीवर डोक्यापासून पराच्या सुरुवातीपर्यंत कडक चकत्यांची रांग, त्यांच्या मागच्या कडेला कंगव्यासारखे दाते. जातीचं नाव डेंटॅटस, म्हणजे दातेरी, ते यावरूनच. पाठीवर चकत्या नाइटियालाही असतात, तेव्हा नुसत्या 'चकत्या आहेत' एवढ्यावर नाव देऊ नका, गुदामागचा पर मोजा. हा मोठा झाला की दोन फुटांपर्यंत जातो, आणि नाइटिया गिळताना मेलेले डिप्लोमिस्टस सापडलेत.

पाठीवर एकामागे एक असे दोन सुटे पर दिसले तर मात्र जरा सावरून बसा, तो मायोप्लोसस असू शकतो. शिकारी मासा, तोंड मोठं, पहिला पर काट्यांचा आणि दुसरा मऊ, आणि त्या दुसऱ्याच्या बरोबर खाली तेवढाच गुदामागचा पर. नाइटियाच्या शेकडो माशांच्या लाद्या मिळतात पण मायोप्लोसस एकटाच सापडतो. तोंडात दुसरा मासा अडकलेला मायोप्लोसस हा तर तिथला प्रसिद्ध नमुना.

गोलसर, चपटा, आपल्या चिलापीसारखा दिसणारा आणि पाठीवरच्या पराचा पुढचा भाग जाड काट्यांचा असेल तर प्रिस्काकारा, किंवा ज्याला आता कॉकरेलाइट्स म्हणतात तो. जुन्या लेबलांवर तुम्हाला प्रिस्काकारा लायॉप्स दिसेल, तोच आता कॉकरेलाइट्स लायॉप्स झालाय. नावं बदलतात, त्याने गोंधळून जाऊ नका. नाइटियाचंच घ्या, १८५६ मध्ये जोसेफ लायडी या संशोधकाने त्याचं पहिलं वर्णन केलं तेव्हा हेरिंगच्या क्लुपिया वंशात टाकलं होतं, नाइटिया हा वेगळा वंश १९०७ मध्ये जॉर्डन या मत्स्यतज्ज्ञाने केला. म्हणून वहीत नावाबरोबर 'कशावरून ओळखलं' हे पण लिहायचं. नाव बदललं तरी तुमचं निरीक्षण बदलत नाही.

बाकीचे भराभर सांगतो कारण पहिल्या खेपेला मिळणं कठीण. फॅरिओडस, हा अक्वेरियममधल्या अरोवानाच्या कुळातला, पाठीवरचा आणि गुदामागचा असे दोन्ही पर एकदम मागे शेपटीजवळ, छातीचे पर लांब, दात भरपूर आणि टोकदार. नोटोगोनियस, लांबट, तोंड खाली वळलेलं, तळाशी चरणारा. शंकरपाळ्याच्या आकाराचे चकचकीत कडक खवले सुटे मिळाले तर तो गार नावाचा मासा. आणि पाकट! हेलिओबॅटिस नावाचं गोड्या पाण्यातलं पाकट त्या तळ्यात होतं, मला चौदा वर्षांत एकदाही मिळालेलं नाही, शेजारच्या माणसाला निघालेलं मात्र बघितलंय, अख्खी खाण काम थांबवून जमली होती.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळे मासे ओळखता येतीलच असं नाही. तुमचा ४ नंबर म्हणजे नुसती शेपूट आणि कण्याचा तुकडा. दुभंगलेली शेपूट नाइटियालाही आणि डिप्लोमिस्टसलाही, मग नाव कशाच्या जोरावर द्यायचं? अशा वेळी मी लेबलवर 'नाइटिया किंवा लहान डिप्लोमिस्टस, शेपूट फक्त' असं लिहितो. यात कमीपणा काही नाही. उलट कोणाच्या संग्रहात प्रत्येक तुकड्यावर ठासून जात लिहिलेली दिसली की मला त्या लेबलांवर विश्वास ठेवायला जड जातं. नाइटियातही दोन जाती सांगतात, इओसीना सडपातळ आणि आल्टा जास्त रुंद अंगाची, पण मेल्यावर पोट फुगलेला किंवा दाबाने पसरलेला सडपातळ मासाही रुंद दिसतो, त्यामुळे मासा अखंड आणि नीट बसलेला नसेल तर मी नुसतं 'नाइटिया' लिहून थांबतो.

आता साफसफाई. व्हिनेगर नको. अजिबात नको. हा दगड चुनखडी आहे, व्हिनेगर टाकलं की फसफसून विरघळतो, आणि तो माशाच्या आजूबाजूचाच विरघळेल असं नाही, हाडांच्या खालचाही जातो. हाडं कागदापेक्षा पातळ, आधार गेला की पावडर. प्रयोगशाळेत अ‍ॅसिडने जीवाश्म काढतात हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल, ते खरं आहे, पण ते वेगळ्या प्रकारच्या दगडावर, मोजूनमापून, हाडांना मधूनमधून लेप देत करतात. तुमच्या पाट्यांवर तो प्रकार नको. नळाखाली धरून ब्रशने घासणंही नको, पापुद्रे पाणी पिऊन सुटतात.

आधी त्यांना सुकू द्या. खाणीतून आलेली पाटी ओलसर असते, ती सावलीत, सपाट, दोन-तीन आठवडे पडू द्या. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवली की वाकते, तडकते. मग सुई. माझ्याकडे आता हवेवर चालणारं बारीक कोरणीचं पेनही आहे आणि खाण्याच्या सोड्याची पावडर फवारणारं यंत्रही आहे, पण पहिली चार वर्षं मी सगळं काम एका पिन व्हाइसमध्ये (सुई पकडून धरणारी छोटी मूठ) बसवलेल्या पोलादी सुईने आणि टेबलाला लावायच्या भिंगाने केलं, आणि खरं सांगायचं तर शिकलो तेव्हाच. सुई आडवी धरायची, हाडाच्या दिशेने टोचायचं नाही, हाडापासून बाहेर ढकलायचं. उजेड एका बाजूने, तिरपा. चार इंची नाइटियाला मला अजूनही तीन-चार तास लागतात. सुरुवात तुमच्या ४ नंबरवरच करा, त्या शेपटीवर. चांगला मासा पहिल्यांदा हातात घेऊ नका. आणि चुन्याची असली तरी धूळ ती धूळ, एन-९५ मास्क लावा, मुलं शेजारी बसणार असतील तर त्यांनाही लावा.

वर्निशचं माझं स्वतःचं दुःख आहे. मला मिळालेला पहिला मोठा डिप्लोमिस्टस, चौदा इंची, मी आनंदाच्या भरात त्याला फर्निचरचं चकचकीत वर्निश मारलं. दोन वर्षांत ते पिवळं पडलं, मग कडेने सोलायला लागलं, आणि सोलताना परांचे बारीक काटे त्याच्याबरोबर निघाले. तो मासा आजही माझ्याकडे आहे, शेपटीजवळचा अर्धा पर गेलाय. हाडं खरंच सुटत असतील तरच काहीतरी लावायचं, आणि लावायचं ते परत काढता येईल असं. म्युझियमवाले पॅरालॉइड बी-७२ वापरतात, त्याचे दाणे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायचे, एकदम पातळ, शंभर भागांत पाचेक भाग, आणि बारीक ब्रशने सुटत असलेल्या जागेपुरता थेंब सोडायचा. उद्या काढायचं झालं तर अ‍ॅसिटोनने निघतं. खिडकी उघडी ठेवून करा आणि जवळपास गॅस किंवा मेणबत्ती पेटलेली नको. गाडीत तुटलेली ती ९ नंबरची पाटीही घाईने फेव्हीक्विक लावून जोडू नका. तुकडे कागदात गुंडाळून ठेवा, कोरडे जुळवून बघा, मग दाटसर बी-७२ नेच जोडता येईल.

स्प्लिट झालेल्या माशाच्या दोन्ही पाट्या ठेवल्यात ना? फोटोत ६ नंबरची एकच बाजू दिसतेय. खाणीत बरेच जण 'चांगली' बाजू घेतात आणि दुसरी ढिगाऱ्यावर टाकतात, कारण ओझं होतं. पण गुदामागचा पर एका पाटीवर आणि पाठीच्या चकत्या दुसऱ्या पाटीवर असं सर्रास होतं, म्हणजे ओळख दोन्ही मिळून होते. पुढच्या वेळी दोन्ही आणा, दोन्हीला एकच नंबर द्या, पुढे अ आणि ब.

दुकानातल्या दीड फुटी माशाबद्दल. फोटोवरून खरा-खोटा असा निकाल मी देणार नाही, तो कोणी देऊही नये. बहुतेक वेळा प्रश्न 'खरा की खोटा' असा नसतोच. मासा खरा असतो, पण किती टक्के खरा हे विचारायचं असतं. ग्रीन रिव्हरच्या मोठ्या माशांमध्ये पराची टोकं रंगवून पूर्ण केलेली, एका माशाची शेपूट दुसऱ्याला लावलेली, किंवा अख्खा मासा कापून दुसऱ्या मोठ्या लादीत बसवलेला, हे सगळं बघायला मिळतं. विकणाऱ्याने 'एवढा भाग दुरुस्त केलाय' असं सांगितलं तर त्यात गैर काही नाही, मोठी लादी अखंड निघणं कठीणच असतं. न सांगता विकणं वाईट. मी स्वतः एका प्रदर्शनातून घेतलेल्या फॅरिओडसचे छातीचे पर घरी येऊन यूव्ही टॉर्चखाली बघितले तर आजूबाजूच्या दगडापेक्षा आणि बाकीच्या हाडांपेक्षा पूर्ण वेगळे चमकले, रंगवलेले होते. ते पैसे गेले त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं ते मी त्या परांवरून मोजमापं लिहून ठेवली होती त्याचं.

तर दुकानात परत जाणार असाल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटा यूव्ही टॉर्च घेऊन जा. खऱ्या पराचा काटा भिंगाखाली सांधे-सांधे असलेला दिसतो, रंगवलेला म्हणजे नुसती सलग रेघ, दगडाच्या कणांवरून गेलेली. माशाभोवती चौकोनी किंवा गोल अशी सलग फट किंवा रंगाची पट्टी दिसतेय का बघा, मागून लादी उलटवून बघायला मागा. गुदामागचा पर मोजा, वर सांगितलं तसं, डिप्लोमिस्टस म्हणून विकतायत आणि पर आखूड, मग काहीतरी जुळत नाही. कुठल्या खाणीचा, कुठल्या थराचा हे विचारा, आणि उत्तर बिलावर लिहून द्या म्हणा. जो लिहून द्यायला तयार असतो त्याच्याकडून मी घेतो, भाव थोडा जास्त असला तरी. तुमच्या त्या दुकानात चीनचे लायकोप्टेरा नावाचे जीवाश्म मासे आणि ब्राझीलचे गोट्यांमधले मासेही होते म्हणालात. लायकोप्टेरामध्ये रंगकाम खूप बघितलंय, आणि ब्राझीलमध्ये १९४२ च्या कायद्यापासून जीवाश्म सरकारी मालमत्ता आहेत, त्यामुळे ते मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका असंच सांगेन.

कायद्यावरून आठवलं, तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी 'पैसे न भरता जवळच्या मोकळ्या डोंगरावर' खोदायचा विचार आहे. हे करू नका. तिथली मोकळी दिसणारी बरीच जमीन केंद्र सरकारची आहे, आणि तिथे शंख-शिंपले, पानं थोडीफार घरच्यापुरती उचलता येतात पण पाठीचा कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याचं जीवाश्म परवान्याशिवाय उचलता येत नाही, २००९ च्या कायद्यात ते स्पष्ट आहे. मासा म्हणजे कणा आलाच. फॉसिल ब्यूट हे तर १९७२ पासून राष्ट्रीय स्मारक आहे, तिथे एक खपली उचलायची नाही, पण बघायला मात्र नक्की जा, केमररच्या पश्चिमेला आहे, आणि तिथल्या भिंतीवरचे मासे अर्धा दिवस बघितले की परांचा डोळा तयार होतो. खाणीतही दुर्मिळ काही निघालं तर ते ठेवता येतं की नाही हे त्या-त्या खाणीच्या जमिनीवर आणि नियमांवर अवलंबून असतं, सकाळी पैसे भरतानाच विचारून घ्या. त्या थरांत पक्षी, कासवं, अगदी वटवाघळंही सापडलीत. मासा नाही असं काहीही दिसलं तर हातोडी खाली ठेवा आणि खाणवाल्याला हाक मारा.

महाराष्ट्राचं विचारलंत म्हणून सांगतो, थोडक्यात. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात, मासे शोधू नका, तो लाव्हा आहे. पण विदर्भात त्या लाव्हाच्या खाली आणि मधेमधे तळ्यांचे गाळ आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या माशांचं वर्णन वुडवर्ड या संशोधकाने १९०८ मध्ये केलं, आणि त्यात एक गार आहे, वर सांगितलेल्या शंकरपाळी खवल्यांचा! वायोमिंगच्या तळ्यातल्या माशाचा नातलग चंद्रपुरात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. सिरोंच्याकडे प्राणहितेच्या काठी कोटा थर आहेत, ते त्याहून खूप जुने, ज्युरासिक, तिथल्या लेपिडोट्स नावाच्या माशाचे जाड चकाकते खवले प्रसिद्ध आहेत. पण इथल्यासारखं पैसे भरून खोदण्याचा प्रकार तिकडे नाही. गावी गेलात आणि काही दिसलं तर जागेवर फोटो, शेजारी मोजपट्टी, मोबाईलवर जागेची नोंद, आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑफिसला किंवा जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. उचलून आणू नका.

तर क्रम असा धरा: आज नंबर आणि वही, मग तीन आठवडे सुकवणं, मधल्या काळात ट्रेसिंग आणि परांच्या नोंदी, सुई सगळ्यात शेवटी, तीही ४ नंबरवर.

आणि एक विनंती. तुमचा ७ नंबरचा मासा, मुलीने हातात धरलेला, त्याला तुम्ही नाइटिया लिहिलंय. फोटोत सावली पडलीये पण मला पाठीवर मधल्या पराच्या पुढे अजून काहीतरी काटे उभे असल्यासारखे वाटतायत. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च पाटीच्या कडेला जमिनीलगत आडवा धरा, शेजारी पट्टी ठेवा आणि वरून सरळ फोटो काढा. पाठीची पूर्ण कड आणि गुदामागचा पर दोन्ही दिसू देत. तोपर्यंत त्या पाटीला हात लावू नका, पाठीवरच्या त्या भागावर अजून दगडाचा पापुद्रा आहे, आणि जे काही आहे ते त्याच्याखालीच आहे.